उलटे आटे

"पावनं, त्या चाकाला हात लावू नगा."

मी पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसून नटाला पान्याचं माप लावून बघत होतो. बाकीची तीन चाकं सुटी होऊन फणसाच्या बुंध्याला टेकली होती, गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, आणि नेमक्या या चौथ्या चाकासाठी सासरे खुर्चीतून उठून आडवे आले होते.

"आबा, हे काढल्याशिवाय याचे ब्रेक कसे बघणार?"

"बाकीच्या तिन्हीचं बगितलंसा न्हवं? ह्येचंबी तसंच असंल."

"ब्रेक असे अंदाजानं सोडतात होय?"

"मग लावूच नगा ब्रेक. हितनं तितं तर न्यायची हाय. पर त्ये चाक ऱ्हाऊ द्या."

जावयाशी इतकं तोडून बोलायची त्यांची रीत नव्हती. बोलून झाल्यावर त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण खुर्चीत परत टेकताना त्यांनी विचारलं, "च्या घेतलासा का?" चहा दोनदा झाला होता. मी पाना खाली ठेवला.

गाडी म्हणजे लढाईच्या काळातला अमेरिकन डॉज. चारही चाकांना जोर असलेला, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेला, नाकावर लोखंडी दोराचा रहाट मिरवणारा. लढाई संपल्यावर लष्करानं असे ट्रक लिलावात काढले आणि आमच्याकडच्या लाकूडवाल्यांनी ते उचलले. आजऱ्याच्या जंगलात जिथं बैल गुडघे टेकायचे तिथं हे ओंडके भरून वर यायचे. गावात सगळे त्याला 'डिस्पोजल' म्हणत. मी मंदाला बघायला आलो तेव्हा तो परसात फणसाखाली उभा होता, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. त्या दिवशी मी मुलीपेक्षा जास्त वेळ गाडीकडं बघत होतो, असं मंदा अजून चारचौघांत सांगते. हे खोटं आहे. वेळ साधारण सारखाच होता.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत मशीन शॉपचा सुपरवायझर. जुन्या गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. लग्नानंतर दरवर्षी मी आबांकडं ती गाडी मागायचो आणि दरवर्षी आबा विषय पावसावर न्यायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आणि हा ग्रह तर परसातल्या भंगारावर डोळा ठेवून बसलेला. मग एका वर्षी, त्यांच्या छातीत दुखून गेल्यावर, ते आपण होऊन म्हणाले, "न्या ती गाडी. पर हितंच दुरुस्त करा, माझ्या डोळ्यांम्होरं." त्या वर्षी उन्हाळा सरल्यापासून मी दर रविवारी पहाटे मोटारसायकल काढून सासुरवाडीला येऊ लागलो. मंदाच्या मैत्रिणी तिला विचारायच्या, नवरा घरजावई झाला का गं?

गाडी परसात का पडली होती ते मला ठाऊक होतं. घरात कुणी त्यावर बोलत नसे, पण मंदानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, कुठं पाय घसरू नये म्हणून. मंदा पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. आबा गाडी चालवायचे आणि किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, म्हणून त्यांचा मेहुणा परसू असायचा, माझ्या सासूचा, म्हणजे माईंचा धाकटा भाऊ. आबांचा भाऊ आनंदा, नुकतं मिसरूड फुटलेला, हौसेनं ओंडक्यांवर बसून घाट उतरायचा. एका सकाळी घाटात पुढचं डावं चाक निखळलं. गाडी कलंडली. आनंदा ओंडक्यांखाली गेला.

चाकाचे नट आवळायचं काम किन्नराचं. त्यामुळं परसूनं आनंदाला मारलं, असं सगळ्या गावानं ठरवलं, आणि गावाच्या आधी माईंनी. सख्ख्या भावापायी सासरचं लेकरू गेलं, या लाजेनं त्यांनी भावाचं नाव टाकलं. माहेर ओढ्यापलीकडं, चालत गेलं तर घामही येणार नाही एवढ्या अंतरावर. पण माई त्या बाजूला गेल्या नाहीत आणि परसूमामा या बाजूला आले नाहीत. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, तशा माई चंद्राला ओवाळायच्या. भाऊ ओढ्यापलीकडं जिवंत होता.

म्हणून आबांनी चाकाला हात लावू नका म्हटलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा भावाच्या आठवणीनं हळवा झालाय. मी मान डोलावली आणि मनात ठरवलं, पुढच्या रविवारी आबा नसतील तेव्हा काढू. एकदा ब्रेक झाले की कुणाला काय कळतंय.

पुढच्या रविवारी मंदाही माझ्याबरोबर आली आणि आबांना डोळे दाखवायला गडहिंग्लजला घेऊन गेली. तेवढंच मला हवं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. जगातला कुठलाही नट उजवीकडं फिरवला की आवळतो, डावीकडं फिरवला की सुटतो. या गाडीच्या उजव्या चाकांचे नट तसेच होते. डाव्या चाकांना मात्र उलटे आटे: डावीकडं फिरवलं की आवळणार, उजवीकडं फिरवलं की सुटणार. धावत्या चाकाच्या ओढीनं नट सैल होऊ नयेत म्हणून कारखान्यानं केलेली ती सोय, आणि ओळखायला त्या बोल्टांच्या तोंडावर 'एल' हे अक्षर ठोकलेलं. मागचं डावं चाक मी असंच, उजवीकडं जोर लावून सोडवलं होतं. आता पुढच्याला तसाच पाना लावला, दांड्यात हातभर पाईप घातला आणि उजवीकडं जोर दिला. हलेना. रॉकेल सोडलं, पुन्हा जोर दिला. हलेना. शेवटी पाईपवर चक्क उभा राहिलो.

माई पलीकडं मिरच्या वाळत घालत होत्या. "पावनं, पडशीला," त्या म्हणाल्या.

"नाही पडत, माई."

"गंजलं असंल. लई दिसाचं हाय."

गंज असेल म्हणून मी फडक्यानं बोल्टाचं तोंड घासलं. 'एल' नव्हता. दुसरा घासला, त्याच्यावरही नव्हता. एकाही बोल्टावर नव्हता. सहज म्हणून मी पाना डावीकडं दाबला. नट कुरकुरला आणि साध्या नटासारखा सुटला. इतका वेळ मी सोडवतो आहे असं समजून तो आवळत बसलो होतो.

पहिल्यांदा मला स्वतःचंच हसू आलं. कुणीतरी बोल्ट बदलले, साध्या आट्यांचे घातले, आणि मी शहाणा नियमानं चाललो. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि पुढचं डोक्यात आलं. मंदानं सांगितलं होतं, घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवायची, म्हसोबाला नारळ फोडायचा, आणि किन्नरानं चारही चाकांच्या एकेका नटाला ठोका द्यायचा. ठोका म्हणजे हातोडीचा नव्हे. लांब दांड्याचा पाना लावून त्याच्यावर पाय देऊन एक झटका मारायचा, नट कुरकुरला की पुढचा. ही त्यांची रोजची रीत. डाव्या चाकाला ठोका डावीकडं. आता हे बोल्ट तेव्हा असेच साधे असतील, तर नियमानं ठोका देणाऱ्या माणसानं एकेक नट आवळला नाही, एकेक नट सैल केला. माझ्यासारखंच. माझी चूक घट्ट करण्याची झाली म्हणून मी जिवंत होतो.

"निघालं का?" माईंनी विचारलं.

"निघालं," मी म्हणालो.

दुपारी आबा परतले. डोळ्यांत औषध घातलेलं, हिरवी पट्टी बांधलेली. मंदा त्यांना परसात माझ्याजवळ बसवून आत गेली. त्यांनी पट्टी वर सरकवली, उघडा पडलेला हब बघितला आणि पट्टी परत खाली ओढली.

"उलटं आटं न्हाईत त्येला," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

"कुणी बदलले?"

"म्याच."

आत माईंची भांडी वाजत होती. आबा हळू बोलू लागले. "आदल्या दिशी जंगलात दोन बोल्ट तुटलं. उलट्या आट्याचं आणायचं कुठनं? गडहिंग्लजचा लेथवाला म्हणला, उलटं पाडायला दोन दिस लागतील, साधं आत्ता करून देतो. माल भरून हुता. म्या म्हणलं, दे साधं. त्या चाकाचं सगळंच बदलून टाकलं, एकसारकं असावं म्हणून."

"आणि परसूमामा?"

"त्यो जत्रंला घरला गेल्ता. पहाटं आला आणि तसाच गाडीत बसला. त्येला सांगायचं ऱ्हायलं. दुसरं काय सांगू? इसरलो."

"ठोका देताना तरी..."

"माझ्या पायाखाली दिला, पावनं. डाव्या हाताची गाडी. मी वर स्टेरिंगवर, त्यो खाली चाकाशी. मी बिडी वडत त्येच्याकडं बगत हुतो. मनात म्हणतबी हुतो, पोरगं कसं मन लावून करतंय. बगत हुतो आणि टाळक्यात शिरलं न्हाई."

"मग कधी शिरलं?"

"चाक गाडीच्या म्होरं पळताना दिसलं तवा."

त्यांना आता थांबायचं नव्हतं. इतकी वर्षं तोंड दाबून धरलेला माणूस एकदा बोलू लागला की समोर जावई आहे का भिंत हे बघत नाही.

"दारात ह्ये एवडी माणसं. आई ऊर बडवाय लागलेली. कोनतरी म्हणलं, किन्नरानं चाक आवळलं नसंल. मी गप बसलो. गाडी वडून आणली तवा त्ये चाकबी म्याच परत चढवलं, दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई. म्हणलं, तेरावं झालं की सांगू. तेराव्याला परशाच आला आणि माझ्या पाया पडला. म्हणला, दाजी, माझ्याच हातनं उलटा झटका बसला असंल, डावं-उजवं इसरलो असंन. त्येनं सवताच अंगावर घेतलं. मी घिऊ दिलं."

"माईंना?"

"तिला काय सांगू? आनंदाला मी मारलं, आणि तुझ्या भावाचं नाव लावलं?"

आबांच्या पट्टीखालून औषधाचं पाणी गालावर आलं होतं. औषधाचंच होतं का ते मी बघितलं नाही.

"तुमाला गाडी का दिली ठाव हाय?" ते म्हणाले. "वाटायचं, मी मरायच्या आदी कुनीतरी हे उगडावं. आणि उगडू नये असंबी वाटायचं. आता उगडलंसा तर भ्या वाटाय लागलंया." मग एकदम वेगळ्या आवाजात: "तुमच्या कारखान्यात उलटं आटं पाडत्यात न्हवं?"

"पाडतात."

"मग तसलं बोल्ट करून आणा. गाडी मूळची हुती तशी करायची, असं तुमीच म्हणतासा. मूळची हुती तशी करा."

माझंच बोलणं त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. गाडी मूळची होती तशी करायची हे वाक्य मी फौंड्रीत, घरात, चहाच्या टपरीवर इतक्यांदा फेकलं होतं की ते माझं बिरूद झालं होतं. उलट्या आट्यांचे बोल्ट बसवले की गाडी मूळची होणार होती, आणि परसूमामांच्या बाजूनं साक्ष देणारी जगातली एकुलती एक वस्तू भंगारात जाणार होती.

मी "बघतो" म्हणालो.

आणि बघितलं. आमच्या टर्नरनं बोल्ट झकास करून दिले, तोंडावर 'एल' पंच करून दिला. त्या तीनचार आठवड्यांत मी स्वतःला बरंच काही समजावलं. आबांचं काळीज नाजूक आहे. माईंना या वयात हे कळून काय मिळणार? परसूमामाही आता म्हातारे झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. माझं कारण एवढंच होतं की दसऱ्याला गाडीची पूजा करून ती बाहेर काढणार, असं मी फौंड्रीभर सांगून बसलो होतो, आणि या घरात आत्ता काही फुटलं तर गाडी परसातच कुजली असती. दर रविवारी मी माईंना "काय म्हणता, माई" म्हणायचो आणि गाडीखाली शिरायचो. गाडीखाली बरं वाटायचं. तिथं कुणाचं तोंड दिसत नाही.

बोल्ट घेऊन निघालो त्या रविवारी गावाच्या अलीकडं, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर एका माणसानं हात केला. रापलेला, काटकुळा, हातात दुधाची रिकामी किटली. मंदानं एकदा एस. टी.तून लांबून दाखवला होता म्हणून मी ओळखला. आमच्या लग्नातही तो मांडवाबाहेर उसाच्या गाडीआड उभा राहून गेला होता म्हणे.

"पावनं, जरा थांबतासा का? मी परसू."

"ओळखलं, मामा." मी मोटारसायकल स्टँडवर लावली.

"गाडी खोललीया म्हणं तुमी."

"हो."

"म्होरचं डावं चाक निगालं?"

"निघालं."

त्यांनी किटली खाली ठेवली. "मग आटं बगितलं असशीला. म्हंजे कसं, उलटा झटका बसला असंल तर आट्याला कायतरी खूण ऱ्हाती. घासतंय, टवका जातोय. तुमी मशीनवरचं माणूस, तुमाला उमगंल. मी त्या दिशी डावीकडं फिरवलं का उजवीकडं, एवडंच इचारायचं हाय."

"आता ते कळून काय करणार, मामा?"

"करायचं काय न्हाई." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत पान्याचा दांडा धरला आणि एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरवला. रस्त्यात, भर सकाळी. "रोज पडल्यावर आसं करून बगतोय. कवा वाटतंय हिकडं दिला, कवा वाटतंय तिकडं. आता हातालाबी आटवंना झालंय. गाडीला खूण असंल तर तेवडी सांगा. वाईट असंल तरी सांगा. ठरलं म्हंजे सुटलो."

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत नवे बोल्ट होते. ते वाजू नयेत म्हणून मी पिशवी काखेत दाबून धरली होती.

"लई गंज चढलाय, मामा," मी म्हणालो. "काही कळत नाही."

"बरं." त्यांनी किटली उचलली. "अक्का बरी हाय का?"

"बरी आहे."

"मी इचारलं म्हणून सांगू नगा."

आयुष्यात मी खोटं बोललो नाही असं नाही. फौंड्रीत मालाच्या तारखा सांगताना रोज बोलतो. पण समोरचा माणूस फाशीसुद्धा चालेल, फक्त निकाल सांग म्हणतोय आणि आपण त्याला तारीख देऊन परत पाठवतोय, असं खोटं मी त्या एकाच सकाळी बोललो. तिकटीपासून घरापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

आबा परसात खुर्चीवर होते. मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"बोल्ट झाले. तिकटीवर परसूमामा भेटले."

आणि मी सगळं सांगितलं. किटली, हवेतला पाना, डावीकडं, उजवीकडं. माझं खोटंही सांगितलं. आबांनी मधे एकदाच तोंड उघडलं.

"रोज?"

"रोज पडल्यावर, म्हणाले."

आबांनी पिशवीतून एक नवा बोल्ट काढला, त्यावर नट चढवला, डावीकडं फिरवून बसवला, परत उतरवला. काम बघून त्यांच्यातला जुना ड्रायव्हर एवढ्यातही खूष झालेला दिसला. मग त्यांनी बोल्ट पिशवीत टाकला आणि पिशवी पायानं बाजूला सारली.

"चाक चढवा," ते म्हणाले. "जुन्याच बोल्टावर. नट चांगलं आवळा, सादं आवळत्यात तसं. आणि परशाला घिऊन या."

"आत्ता?"

"आत्ताच. सांजच्याला मला व्हायचं न्हाई."

मी चाक चढवलं, नट कचकून आवळले आणि मोटारसायकलला किक मारली. परसूमामांना मी फक्त "आबांनी बोलावलंय" एवढंच म्हणालो. त्यांनी अंगातला मळका सदरा काढून धुतलेला घातला, काही न विचारता मागं बसले आणि ओढा ओलांडताना माझा खांदा घट्ट धरला.

परसात शिरलो तेव्हा माई सुपात तांदूळ निवडत होत्या. भावाला बघून त्या उठल्या. डोक्यावर पदर घेतला आणि आत गेल्या. दार मात्र लावलं नाही. दाराच्या फटीत त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत राहिला.

आबांनी पाना पुढं केला. "परशा, ठोका दे."

"दाजी, मी पाना सोडलाय."

"एकडाव."

"दाजी, काय बी सांगा, पर ह्ये..."

"घाटाच्या तोंडाला कसा द्यायचास, तसा दे. या चाकाला."

परसूमामांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी पाना घेतला, हातात तोलला, आणि मग त्यांचे हात आपोआप कामाला लागले. पाना नटावर बसवला, दांडा नीट धरला, ओठातल्या ओठात "डावं चाक, डावीकडं" म्हणाले आणि पाय देऊन झटका मारला. नट कुरकुरला. ते पुढच्या नटाकडं सरकले.

"न्हाई, त्योच," आबा म्हणाले. "आजून दे."

दुसरा झटका हलका बसला. तिसऱ्याला पाना नुसताच फिरला. आणखी चार फेरे, आणि नट निघून मामांच्या तळहातावर आला.

"दाजी, ह्यो सुटला."

"व्हय."

"पर मी डावीकडंच फिरवला की."

"तवाबी डावीकडंच फिरवलास." आबा खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले होते. "बोल्ट सादं हुतं, परशा. आदल्या दिशी म्या बदललं, आणि तुला सांगितलं न्हाई. तुजा काय गुना न्हाई. आनंदा माझ्यापायी गेला, आणि म्या तुजं नाव हू दिलं."

मला वाटलं, आता पाना आबांच्या डोक्यात बसणार. खरं सांगायचं तर तो बसावा असंही मला एक क्षण वाटलं, आणि एक माझ्या डोक्यात. परसूमामा नटाकडं बघत होते.

"म्हंजे म्या बरोबर फिरवला हुता?" त्यांनी विचारलं.

"बरोबर फिरवलास."

"डावीकडंच?"

"डावीकडंच. म्या बगत हुतो."

"बरोबर फिरवला हुता," मामा स्वतःशी म्हणाले. मग ते तिथंच, चाकाला पाठ लावून मातीत बसले. त्यांनी आबांना शिवी दिली नाही, माफही केलं नाही. आबांचं त्यांना जणू काही सोयरसुतकच नव्हतं. आपले दोन्ही हात उलटेपालटे करून ते बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

माई कधी बाहेर आल्या ते आम्हाला कळलं नाही. त्या पायरीवर उभ्या होत्या.

"कवा कळलं तुमास्नी?" त्यांनी आबांना विचारलं.

"त्याच दिशी."

माईंनी मान हलवली. मग माझ्याकडं वळल्या. "आणि पावनं, तुमाला?"

मला सांगता आलं असतं की आत्ताच. आबांनी ते खपवून घेतलं असतं. "महिना होत आला, माई," मी म्हणालो.

"मंदीला ठाव हाय?"

"नाही. तिला नाही सांगितलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. मी तो चढायची वाट बघत होतो, आणि तो चढत नव्हता याचीच भीती वाटत होती. त्यांनी पायरीवरच्या चपला पायांत सरकवल्या, भावाजवळ गेल्या आणि त्याच्या दंडाला धरलं.

"ऊठ, परशा. चल."

"कुठं, अक्का?"

"घरला. आई-बाच्या घरला."

मामा उठले. नट अजून त्यांच्या मुठीत होता. लुगडं न बदलता, पिशवी न घेता माई त्यांच्याबरोबर निघाल्या. कुंपणापाशी पोहोचल्या तेव्हा आबांनी हाक मारली, "हौसा..."

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"भाकरी टोपल्यात हाईत. आमटी चुलीवर हाय. वाढून घ्या दोघं."

दोघं म्हणजे आबा आणि मी.